शांताबाई आपटे गाताना पाहाव्यात

माझ्याकडे गाणं शिकायला येणाऱ्या मुली मोबाइलवर ट्रॅक लावून सराव करतात. करू देत, सूर पक्का व्हायला त्याचा उपयोग होतो. पण गाणं म्हणताना हात मांडीवर घट्ट, मान ताठ आणि डोळे समोरच्या भिंतीवर खिळलेले, असं दिसायला लागलं की मी पेटी बाजूला सारते आणि त्यांना तीस-चाळीसच्या दशकांतल्या गायिका-नटी शांता आपटे यांचं एखादं गाणं लावून देते. नुसतं ऐकून भागत नाही, ते पाहावंच लागतं.

1934 सालचा ‘अमृतमंथन’ घ्या. प्रभात फिल्म कंपनी आदल्याच वर्षी कोल्हापूरहून पुण्याला आली होती आणि नव्या स्टुडिओतलं हे पहिलं चित्र. पार्श्वगायन अजून रुळायचं होतं. ज्याने पडद्यावर दिसायचं त्यानेच, कॅमेरा चालू असताना, तिथल्या तिथे गायचं. साथीदार कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा बेताने कडेला बसलेले, माइक डोक्यावर कुठेतरी. मान वळवली की आवाज माइकपासून लांब जाणार, पाऊल उचललं की तबल्याशी जमेना होणार. त्यामुळे त्या काळातले बरेच नट गाण्याची वेळ आली की खांबासारखे उभे राहत आणि गाणं संपलं की पुन्हा अभिनय सुरू करत. शांताबाई तसं करत नाहीत. ओळ म्हणताना त्यांचा हात उचलला जातो, भुवई चढते, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायच्या आधी नजर वळते. सूर मात्र जागचा हलत नाही. ज्याने उभं राहून, चालत, वळत गाऊन पाहिलंय त्याला यात किती मेहनत आहे ते लगेच कळेल. श्वास कुठे घ्यायचा हे पावलांच्या हिशेबाने ठरवावं लागतं.

यात संगीतकार केशवराव भोळ्यांचाही मोठा वाटा. हा माणूस डॉक्टरी शिकता शिकता गाण्याकडे वळला, ‘एकलव्य’ या नावाने गाण्यावर लिहायचा, आणि गाण्यातला शब्द कळलाच पाहिजे याबद्दल फार आग्रही होता. शांताबाईंचा गळा शास्त्रीय तालमीचा, तान चटकन फिरायची. भोळ्यांनी त्या तानेला शब्दाच्या मापात बसवलं. मला स्वतःला असं वाटतं की आपल्याकडे भावगीत गायची जी रीत पुढे घराघरांत गेली, तिची एक वाट प्रभातच्या या गाण्यांतून जाते. याची दखल हवी तितकी घेतली गेलेली नाही.

शांताबाईंचा जन्म 1916 चा, दुधनीचा. सोलापूरच्या पुढे, अक्कलकोट तालुक्यातलं हे रेल्वेच्या वाटेवरचं गाव. वडील रेल्वेत होते आणि त्यांना गाण्याची आवड होती. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात शांताबाई गाणं शिकल्या, गणेशोत्सवात भजनं म्हटली. थोरले बंधू बाबूराव यांची करडी शिस्त त्यांच्यावर होती. 1932 मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये त्या राधा झाल्या, शाहू मोडक कृष्ण. तिथून दोन वर्षांत प्रभात.

प्रभातच्याच ‘अमरज्योती’ आणि ‘वहाँ’ या चित्रपटांबद्दल मी फार लिहीत नाही. ‘अमरज्योती’त दुर्गाबाई खोट्यांनी समुद्रावर राज्य करणारी चाचीण अशी काही उभी केलीय की बाकी कुणाकडे बघायला सवड मिळत नाही. मला घाई आहे ती ‘कुंकू’कडे यायची.

1937. दिग्दर्शक शांताराम, कथा ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. मामाने फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा. वकील काकासाहेब म्हणजे केशवराव दाते. विषय आपल्याला नवा नव्हताच. देवलांच्या ‘शारदा’ने तो 1899 मध्येच रंगभूमीवर आणला होता. पण शारदा घाबरते, रडते, कुणीतरी सोडवायला येईल म्हणून वाट बघते. नीरा लग्न मानायलाच तयार नाही. घरात राहते, घरातली कामं करते, पण काकासाहेबांना नवरा म्हणून जवळ येऊ देत नाही. वखवखलेल्या नजरेचा सावत्र मुलगा घरी येतो तेव्हा त्याला छडीने बडवून काढते.

माझी आजी बिजवराला दिलेली होती. आजोबा तिच्याहून बरेच मोठे. ‘कुंकू’ तिने सांगलीला नणंदेबरोबर पाहिला होता आणि गोष्ट सांगताना बाकी सगळं विसरली तरी एक वाक्य तिचं ठरलेलं असे, “त्या पोरीनं दार उघडलं नाही हो शेवटपर्यंत.” यापुढे ती काही बोलत नसे, आणि आम्हीही विचारलं नाही. सिनेमातल्या बाईने आपल्यासारख्याच घरात राहून असं काही केलं, ही गोष्ट तिच्या मनात पन्नास-साठ वर्षं टिकली होती.

‘कुंकू’त वेगळं पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. भिंतीवरच्या घड्याळाचे टोले, दारावरून जाणारा भिकारी ‘मन सुद्ध तुझं’ म्हणत जातो तो आवाज. नीरा गाते तेव्हा तिच्या साथीला खोलीतला ग्रामोफोन असतो. आणि ती चक्क एक इंग्रजी कविता गाते, लाँगफेलोची. भोळ्यांनी तिला चाल लावलीय. जगाच्या रणांगणावर मुक्या, हाकलल्या जाणाऱ्या गुरांसारखे होऊ नका, झुंजा, असा तिचा अर्थ. मामाने दावणीला बांधून दिलेली मुलगी हे गाते! एकवीस वर्षांची मराठी नटी, परक्या भाषेतले शब्द, पण त्यातला राग अगदी आपला, मराठी घरातला. उच्चार साहेबी करायचा अट्टहास नाही. शब्दांवरचे आघात मात्र जिथे हवेत तिथेच पडतात. माझ्या वर्गातल्या मुलींना हे गाणं सुरुवातीला विचित्र वाटतं. दुसऱ्यांदा लावलं की त्या गप्प होऊन ऐकतात.

पुढच्या वर्षी ‘गोपालकृष्ण’. दामले-फत्तेलाल दिग्दर्शक, संगीत मास्टर कृष्णरावांचं. शांताबाई पुन्हा राधा, आणि कृष्ण कोण, तर चौदा वर्षांचे राम मराठे. पुढे पंडित राम मराठे झालेले तेच. नाट्यसंगीताच्या माझ्या सगळ्या मित्रमंडळींना मी हे आवर्जून दाखवते.

मग आला 1939 चा जुलै. करारावरून कंपनीशी वाद झाला आणि शांताबाई प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. ज्या स्टुडिओतून त्यांचा चेहरा देशभर गेला, त्याच स्टुडिओच्या दाराशी. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, मी त्या रस्त्याने नेहमी जाते. त्या काळी नट-नटी कंपनीच्या पगारी नोकर असत. कुठलं काम करायचं, कधी करायचं, दुसरीकडे गाता येईल की नाही, सगळं करारात बांधलेलं. कामगार संप करतात हे लोकांना माहीत होतं, पण पडद्यावरची नायिकाही कामगार आहे, तीही दमते, तिच्याही मेहनतीचा हिशेब असतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. शांताबाईंनी ते लोकांसमोर आणलं. त्यांच्या आयुष्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट ही आहे, आणि ती त्यांच्या गाण्यापासून वेगळी काढता येत नाही. स्वतःच्या गळ्याने, स्वतःच्या अंगाने गाणाऱ्या बाईला त्या कष्टाची किंमत ठाऊक असणारच.

त्यांच्याविषयी लिहिताना लोक हमखास दुसराच किस्सा आधी सांगतात. एका सिनेमासिकाच्या संपादकाने वाईट लिहिलं म्हणून त्यांनी त्याला कचेरीत जाऊन छडीने मारलं म्हणे. किस्सा चटकदार आहे, पण त्याने शांताबाई एक तापट बाई होऊन बसतात, आणि फाटकाशी बसून त्यांनी काय मागितलं ते मागे पडतं. याचं मला फार वाईट वाटतं.

प्रभात सुटल्यावर त्या थांबल्या नाहीत. 1941 मध्ये तमिळ ‘सावित्री’. त्यासाठी त्या तमिळ शिकल्या. त्यात नारद झाल्या होत्या कर्नाटक संगीतातल्या थोर गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी, ‘कल्की’ या तमिळ नियतकालिकासाठी भांडवल उभं करायचं म्हणून त्यांनी ती पुरुषभूमिका स्वीकारली होती. एकाच चित्रपटात शांता आपटे आणि एम. एस.! गाण्याच्या माणसाने यावर किती वेळ विचार करत बसावं. त्यानंतर लाहोरला पांचोलींचा ‘जमीनदार’, संगीत गुलाम हैदर. दुधनीची मुलगी पुणे, मद्रास, लाहोर असं करत सगळीकडे स्वतःच्या गळ्याने गाऊन आली.

1946 च्या ‘सुभद्रा’त एक द्वंद्वगीत आहे. दिग्दर्शक मास्टर विनायक, संगीत वसंत देसाई. शांताबाईंबरोबर गातेय विनायकांच्या कंपनीतली सोळा-सतरा वर्षांची लता मंगेशकर. दोन्ही आवाज लागोपाठ ऐकले की काळ कुठे वळतोय ते कळतं. एक आवाज शरीराला घट्ट धरून असलेला, त्याला चेहरा आहे. दुसरा कुणाच्याही चेहऱ्यावर जाऊन बसेल इतका नितळ. लताबाईंवर माझा जीव आहे, ते वेगळं सांगायला नको. पण पडद्यावर गाणारी आणि दिसणारी बाई एकच असण्याचा काळ इथे संपत आला, आणि त्याबरोबर काहीतरी गेलं.

पन्नासच्या दशकात शांताबाईंना कामं मिळत राहिली, मराठीतही आणि पौराणिक हिंदी चित्रपटांतही. नीरासारखं काम मात्र पुन्हा आलं नाही. 24 फेब्रुवारी 1964 ला मुंबईत, अंधेरीला त्या गेल्या. वय पन्नाशीच्या आतलं. नयना आपटे या त्यांच्या कन्या, रंगभूमीवरच्या आणि मालिकांमधल्या त्यांच्या कामामुळे आजच्या प्रेक्षकांना त्या माहीत असतात, त्यांच्या आई मात्र फारशा नसतात.

शेवटचं, आणि हे मी विनंती म्हणून लिहितेय. उपोषणानंतर, 1940 मध्ये, शांताबाईंनी एक पुस्तक लिहिलं होतं, ‘जाऊ मी सिनेमात?’ सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना धंद्याचा आतला कारभार कळावा म्हणून. भांडवल कुणाचं, राबतं कोण, कलावंताची दमणूक कशी होते, हे सगळं एका नटीने मराठीत लिहून ठेवलंय. वाड्यातल्या माळ्यावर, आजी-आजोबांच्या ट्रंकेत, बंद पडलेल्या वाचनालयाच्या कपाटात कुणाला त्याची प्रत दिसली तर कृपा करून रद्दीत घालू नका. माझ्याकडे आणून द्या, किंवा नुसतं कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन, पान न् पान स्कॅन करेन आणि तुमची प्रत तुम्हाला परत करेन.