मृग आभाळात पण असतो म्हणं

मृग म्हणजे आमच्या घरात पाऊस. जूनची सात-आठ तारीख आली की आई गावाकडं फोन लावणार, मृग निघाला न्हवं, पेरलासा काय, आणि मग पुढं चार महिने हेच चालू, आर्द्रा, मग तरणा पाऊस, मग म्हातारा पाऊस, आसळका, मघा. कॅलेंडरवर वाहन बघायचं, यंदा बेडूक हाय का म्हैस. पस्तिशी गाठेपर्यंत मला ही सगळी पावसाचीच नावं वाटायची. हे तारे आहेत आणि बोट करून दाखवता येतात हे कधी डोक्यातच आलं नाही.

मागच्या जानेवारीत एका रात्री लाईट गेली, कोल्हापुरात कळंब्याकडचा आमचा सगळा भाग अंधारात, इन्व्हर्टरनं पण मान टाकली म्हणून टेरेसवर गेलो, तर पूर्वेला बऱ्यापैकी वर तीन तारे एका ओळीत, पट्टीनं आखल्यासारखे. मोबाईलवर तारे दाखवणारं एक ॲप उतरवून घेतलं, आभाळाकडं धरलं, तर मृग. म्हटलं जानेवारीत मृग? ॲप गंडलंय.

ॲप गंडलं नव्हतं, मीच गंडलो होतो. जूनमध्ये सूर्यच मृगाच्या बाजूला जाऊन बसतो, म्हणजे मृग त्याच्याबरोबर उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो, त्या उजेडात दिसणार काय, कप्पाळ. "मृग निघाला" म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात शिरला. पुढं प्रत्येक तारा रोज चार मिनिटं लवकर उगवतो, महिन्याला झाले दोन तास, असं करत करत डिसेंबरात मृग दिवेलागणीलाच पूर्वेला हजर. म्हणजे ज्या मृगाची आपण पावसासाठी वाट बघतो तो बघायचा तर स्वेटर घालून बघायचा. मला हे कळल्यावर इतका आनंद झाला की खाली जाऊन बायकोला उठवून सांगितलं, तिला तो आनंद झाला नाही.

नवशिक्यानं सुरुवात मृगापासूनच करावी असं माझं मत. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, पोटातले तीन म्हणजे बाण. तांबूस दिसतो तो काक्षी, त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यात निळसर पांढरा राजन्य. हा रंगातला फरक नुसत्या डोळ्यांना कळतो, फक्त वीसेक मिनिटं मोबाईल खिशात ठेवायचा, डोळे अंधाराला सरावल्याशिवाय काही खरं नाही. बाणाची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, रात्रीच्या आभाळातला सगळ्यात तेजस्वी तारा. दुसऱ्या बाजूला रोहिणी आणि तिच्याही पुढं कृत्तिकांचा बारका पुंजका. कृत्तिका मला सहा दिसतात, माझ्या पोरीला सात, आता भांडणार कोण तिच्याशी.

ध्रुवानं मात्र लई छळलं. लहानपणापासून डोक्यात बसलेलं की ध्रुव म्हणजे सगळ्यात चमकणारा तारा, म्हणून पहिले चार दिवस मी ज्याला ध्रुव म्हणून पाहुण्यांना दाखवत होतो तो निघाला शुक्र, तो पण पश्चिमेला. खरा ध्रुव तसा साधाच, त्याच्यापेक्षा तेजस्वी तारे चाळीसच्या वर भरतील. त्यात परदेशातल्या एका व्हिडिओत सांगितलेलं की सप्तर्षी वर्षभर कधीही दिसतात, त्यांच्यावरून ध्रुव शोधा. मी जानेवारीत संध्याकाळी आठला मान दुखेस्तोवर शोधतोय, सप्तर्षी गायब. नंतर समजलं की हे त्यांच्या देशात खरं, आपण साधारण पावणेसतरा अक्षांशावर, आपल्याकडं सप्तर्षी सरळ मावळतात. हिवाळ्यात संध्याकाळी शर्मिष्ठेवरून जायचं, इंग्रजी एम किंवा डब्ल्यूसारखे पाच तारे, ती तेव्हा वायव्येला असते. आणि ध्रुवाची उंची आपल्या अक्षांशाएवढीच. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश, म्हणजे क्षितिजापासून दीड मूठ आणि वर थोडं. मी मूठ धरली, तर नेमकी तिथं शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. कोल्हापूरचा ध्रुव टाकीमागं अढळ आहे.

खरं याच अक्षांशाचा एक फायदा पण आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमाराला व्याधाच्या खाली, दक्षिणेला दोन मुठी उंचीवर एकटाच एक तारा झगमगत असतो, तो अगस्ती. तेजात व्याधाच्या खालोखाल त्याचाच नंबर आणि लंडन-पॅरिसवाल्यांना तो घरबसल्या कधीच दिसत नाही. आम्हाला टेरेसवर, वाळत घातलेल्या चादरीच्या वरून.

मे महिन्यात भुदरगडात गावाकडं गेलो तेव्हा आईला खळ्यात खुर्ची टाकून बसवलं. सप्तर्षी उत्तरेला वर आलेले. मी म्हटलं आई हे सप्तर्षी, तर म्हणाली, "सप्तर्षी कुठलं, ते म्हातारीचं बाजलं, आणि मागनं तीन चोर." बाजल्याचे चार पाय, मागं तीन, बरोबर सात. मधल्या चोराशेजारी एक बारका तारा आहे, चोर म्हणजे वसिष्ठ आणि तो बारका म्हणजे अरुंधती. माझ्या लग्नात भटजींनी अरुंधती दाखवली होती, दुपारी साडेबाराला, हॉलच्या पीओपीकडं बोट करून, मी नमस्कार पण केलेला.

चोरांची वाकडी रांग तशीच पुढं वळवत नेली की नारिंगी स्वाती, आणखी पुढं चित्रा. आई बराच वेळ स्वातीकडं बघत बसली. "पडल्या स्वाती तर पिकतील माणिक-मोती, ती हीच व्हय?" म्हटलं हीच. मग तिनं परीक्षाच घ्यायला सुरुवात केली. तरणा पाऊस कुठला दाखव. पश्चिमेला पुनर्वसूचे दोन ठळक तारे जोडीनं उभे होते, दाखवले. मघा डोक्यावरून जरा पश्चिमेला कललेली, ती पण दाखवली. आता म्हातारा कुठाय म्हणाली. म्हातारा म्हणजे पुष्य, पुनर्वसू आणि मघाच्या मधे, आणि तिथले सगळे तारे इतके मंद की शहरातनं मला तो एकदाही सापडला नव्हता. गावात बरंच चाचपडल्यावर एक धुरकट ठिपका दिसला, फुंकर मारल्यासारखा, दुर्बिणीतनं बघितलं तर तो ताऱ्यांचा पुंजका असतोय. म्हटलं तो बघ, नीट दिसत नाही पण तोच.

आई म्हणाली, "म्हातारा हाय न्हवं, तेवढाच दिसणार."