उजवी बाजू

“माझी उजवी बाजू नको घेऊस हं,” ताई स्टुलावर बसायच्या आधीच म्हणाली. पर्स खाली ठेवता ठेवता. चष्मा असलेली माणसं “काचेवर चमकेल बघ” असं सवयीनं सांगतात ना, तितक्याच सहज. मी फ्लॅश पेटवणारा ट्रिगर कॅमेऱ्यावर सरकवत होते, बरं म्हटलं आणि कामाला लागले. का, ते विचारलं नाही. आता रात्र उलटत आली तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

या बैठकीची मी किती वाट पाहिली होती! छायाचित्रासाठी चेहऱ्यावर दिवा कसा लावायचा, याचा पुतळ्याच्या फायबरच्या डोक्यावर सराव करून करून कंटाळा आला होता. त्या डोक्याचे डोळे कोरडे, रंगवलेले. दिव्याचा ठिपका बुबुळात कुठे बसला, दहाच्या काट्यावर की दोनच्या, हे तिथे कळतच नाही. घरात कुणाला म्हटलं की थोडा वेळ बस, तर प्रत्येकाला नेमकं तेव्हाच काम आठवतं. आणि शेवटी एक जिवंत चेहरा मिळाला, तर तोही अर्धाच. खूप वाईट वाटलं काल. इतकं मनापासून शिकतेय मी, आणि आपल्याच माणसाला माझ्या दिव्याची भीती वाटावी?

दिवा मी आधीच लावून ठेवला होता. तिच्या उजव्या हाताला, साधारण पंचेचाळीस अंशांवर, डोळ्यांपेक्षा वर. ताई डावा गाल कॅमेऱ्याकडे करून बसली, म्हणजे चेहरा वळला उजवीकडे, थेट दिव्याकडे. यालाच शॉर्ट लाइट म्हणतात. कॅमेऱ्यापासून लांबचा गाल उजळतो, जवळचा सावलीत जातो आणि सावलीतल्या त्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा लहानसा त्रिकोण उमटतो. डच चित्रकार रेम्ब्रांच्या चित्रांवरून नाव पडलेला तो त्रिकोण मला सगळ्यांत प्रिय आहे. पण उजेड पडला नेमका उजव्या गालावर. फ्लॅशमधल्या सतत पेटत्या दिव्याची, मॉडेलिंग लॅम्पची ऊब तिला जाणवली असणार. तिने कानामागचे केस सोडले आणि त्या बाजूला पुढे ओढून घेतले. काही बोलली नाही.

मी दिवा उचलून दुसऱ्या बाजूला नेला. ब्रॉड लाइट, म्हणजे कॅमेऱ्याजवळचा गाल उजळणारा. डावा गाल कानापर्यंत उजळला, चेहरा होता त्याहून रुंद दिसायला लागला. सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यावरची उजेड मऊ करणारी कापडी पेटी, जवळ, साठेक सेंटीमीटरवर होता. इतक्या जवळून उजेड मऊ पडतो, पण लगेच ओसरतोही. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई, हा नियम चेहऱ्याच्या रुंदीतसुद्धा लागू होतो. पलीकडचा गाल पंधरा सेंटीमीटर लांब असेल तर त्याला साधारण दोन-तृतीयांश स्टॉप कमी उजेड मिळतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). दोन मीटरवरून तोच फरक जेमतेम कळण्याइतका राहतो, पण मग तोच सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या मानाने लहान होतो आणि सावलीच्या कडा कडक होतात. मी जवळच ठेवला. पलीकडे उजेड परतवणारा पांढरा बोर्ड लावणार होते, तोही लावला नाही. उजवा गाल आपसूक अंधारात गेला आणि ताईचे खांदे खाली आले. तेव्हा मला बरं वाटलं. आता वाटत नाही.

कारण मी वही काढून बसलेय. पहिल्या पानापासून काय लिहिलंय? गोल चेहऱ्याला शॉर्ट. बारीक चेहऱ्याला ब्रॉड. दुहेरी हनुवटी असेल तर दिवा वर, हनुवटी पुढे. एक डोळा लहान असेल तर तो कॅमेऱ्याजवळ घ्या. नाक लांब असेल तर समोरून घ्या, बाजूने नको. प्रत्येक दिव्यासमोर एकेक उणीव लिहिलेली. छायाचित्रण शिकवणारे आमचे सर वाईट मनाने सांगत नाहीत, समोर बसलेल्या माणसाला आपलं छायाचित्र आवडावं म्हणूनच सांगतात, आणि त्यांचं खरंही आहे. पण ताईला हे कुणीतरी वहीशिवायच शिकवलंय. कधी? तिच्या लग्नाच्या वेळी फोटो पाठवायचे होते तेव्हा? जाऊ दे.

घरी येऊन सगळ्या फ्रेम्स मोठ्या करून पाहिल्या. उजव्या गालावर काही नाही. व्रण नाही, डाग नाही. डाव्या भुवईपेक्षा उजवी भुवई किंचित वर आहे, ती तर कुणाचीही असते. पश्चिम युरोपातल्या 1,474 व्यक्तिचित्रांची मोजणी 1973 मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यांतल्या साधारण 60 टक्के चित्रांत माणसांनी डावा गालच पुढे केलेला आहे. म्हणजे डावीकडे झुकणारी ताई एकटी नाही. पण ती माणसं काही लपवत होती असं कुणी म्हणत नाही.

आणि मग आरशाचं लक्षात आलं. आपण आपल्याला ओळखतो ते आरशातून. तिथे उजवा गाल उजवीकडेच दिसतो. छायाचित्रात तोच गाल बघणाऱ्याच्या डावीकडे जातो. 1977 च्या एका प्रयोगात बायकांना स्वतःचं आरशातल्यासारखं उलटं केलेलं छायाचित्र जास्त आवडलं, आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ. ज्याला जे रोज दिसतं ते. आता समजा, कुणीतरी ताईचा एखादा जुना फोटो हातात धरून म्हणालं असेल, “ही उजवी बाजू बरी नाही.” फोटोतली उजवी बाजू म्हणजे तर तिचा डावा गाल! इतकी वर्षं ती भलताच गाल सांभाळत असेल का? नाही, असलं काही मी तिला विचारणार नाही. विचारून डावाही तिच्या मनातून उतरला तर?

काल संध्याकाळपासून धुमसत होते, आता तितकं नाही. चेहरा तिचा आहे. माझा त्रिकोण तिच्या गालावर उमटलाच पाहिजे असं काही नाही. ब्रॉडमधली चौथी फ्रेम खरंच चांगली आलीय, डोळे जिवंत आहेत, तिला सकाळी तीच पाठवते. तिला ज्यासाठी हवी आहे त्यासाठी ती शोभेल.

पुढच्या वेळी मात्र बटरफ्लाय. 1930 च्या दशकात हॉलिवूडमध्ये पॅरामाउंट स्टुडिओने मार्लिन डीट्रिचसारख्या नट्यांवर वापरलेला, म्हणून त्याला पॅरामाउंट लाइटही म्हणतात. दिवा बरोबर लेन्सच्या रेषेत, उंचावर, नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली, आणि खालून पांढरा बोर्ड. दोन्ही गालांना सारखा उजेड. त्यासाठी तिला समोर तोंड करून बसावं लागेल. बसेल का ते माहीत नाही, पण मी तिला आधी आरसा देईन, उजेड कुठे पडतोय ते तिलाच पाहू देईन आणि मगच शटर दाबेन. दिवा डोक्यावर पुढे आणायला बूम स्टँड लागेल. माझ्याकडे नाही, सरांकडे आहे. उद्या मागते.