वेस्टमिन्स्टरच्या वरच्या मजल्यावर

लंडनला निघालेल्या ओळखीच्या प्रत्येकाला मी हल्ली सांगते, की बिग बेनसमोर फोटो काढून झाला की थेट संसदेत शिरा, जिना चढा आणि एखाद्या समितीच्या खोलीत जाऊन बसा. तिकीट लागत नाही, ओळख लागत नाही, खासदाराची चिठ्ठी लागत नाही. आमच्या मंडळातल्या दोघी जाऊन आल्या. दोघींनीही लंडन आयचे फोटो पाठवले. असो.

मार्च 2025 मध्ये मी लेकीकडे गेले होते. टॉवर ब्रिज, ग्रीनविच, राणीचे दागिने, साउथॉलची मिठाईची दुकानं, सगळं रीतसर पाहून झालं. थंडीने माझे गुडघे धरले होते आणि गर्दीच्या ठिकाणी पर्यटक म्हणून रेटलं जायचा मला मनापासून कंटाळा आला होता. संसद बघायची, ती मात्र माझी हौस. दादाभाई नवरोजी 1892 मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून अवघ्या पाच मतांनी निवडून आले आणि याच इमारतीत बसले, हे शाळेत शिकले तेव्हापासूनची.

क्रॉमवेल ग्रीनच्या दारातून आत जायचं. विमानतळासारखी तपासणी होते आणि गळ्यात फोटोचा पास अडकवतात. पुढे वेस्टमिन्स्टर हॉल. 1097 पासून उभा असलेला. खाली नुसती दगडी फरशी आणि वर ते प्रचंड लाकडी छत. तिथून सेंट स्टीफन्स हॉल आणि मग मधला घुमटाकार सेंट्रल लॉबीचा चौक. मुख्य सभागृहाच्या गॅलरीसाठी तिथे भली मोठी रांग होती. बाकावर टेकून बराच वेळ काढला, तरी रांग हलेना. शेवटी लेक म्हणाली, “आई, तुझे गुडघे बोलायला लागले असतील. वर समित्या चालू आहेत. मरणाच्या कायद्याचीही आहे. तुला बघायचीय?”

मरणाचा कायदा म्हणजे ‘टर्मिनली इल अ‍ॅडल्ट्स (एंड ऑफ लाइफ) बिल’. बरा न होणारा आजार, सहा महिन्यांत मृत्यू येईल असा डॉक्टरांचा अंदाज, आणि स्वतःचा ठाम निर्णय असेल, तर इंग्लंड आणि वेल्समधल्या सज्ञान माणसाला आयुष्य संपवण्यासाठी वैद्यकीय मदत घेता यावी असा प्रस्ताव. तो सरकारने आणलेला नाही. किम लेडबीटर या मजूर पक्षाच्या खासदाराचं हे खासगी विधेयक. 29 नोव्हेंबर 2024 ला दुसऱ्या वाचनात ते 330 विरुद्ध 275 मतांनी तरलं. कुठल्याही पक्षाने व्हीप काढला नव्हता. ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने मत दिलं. मग कलमवार छाननीसाठी ते समितीकडे आलं.

मी मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात सिस्टर होते, शेवटची बरीच वर्षं आयसीयूत. तेव्हा मला हे बघायचं होतंच.

वरचा मजला म्हणजे नदीच्या बाजूने गेलेला लांबच लांब बोळ आणि त्याला ओळीने समित्यांच्या खोल्या. दारावर पाटी, बाहेर एक सेवक. आत कोण बसलंय, कशासाठी आलात, कुणी काही विचारलं नाही. मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. समोर उंचावर अध्यक्ष, शेजारी लिपिक, दोन्ही बाजूंना समोरासमोर बाकं. तेवीस सदस्यांची समिती. त्यांत नोव्हेंबरमध्ये विधेयकाच्या विरोधात मत दिलेलेही होते. आरोग्य आणि न्याय खात्याचे दोन मंत्रीही होते, पण सरकारची भूमिका तटस्थ, त्यामुळे मंत्री बोलत ते एवढंच, की अमुक दुरुस्ती केली तर कायदा प्रत्यक्षात चालेल की नाही.

दुरुस्त्यांचा छापील कागद हाताशी होता. अमुक कलम, अमुक पान, अमुक ओळ, एवढे शब्द काढा, एवढे घाला. असे पानामागून पानं प्रस्ताव. प्रत्येकाखाली तो सुचवणाऱ्या सदस्यांची नावं. सारख्या विषयाच्या दुरुस्त्यांचे गट पाडतात आणि एका गटाची चर्चा एकदम होते. मी ओळीवर बोट ठेवून ऐकत होते. पहिली काही मिनिटं डोक्यावरून गेली, मग लय सापडली. एक जण बोलत असताना दुसऱ्याला काही विचारायचं असेल, तर तो उभा राहतो. बोलणारा बहुतेक वेळा वाट देतो, म्हणजे चक्क खाली बसतो, प्रश्न ऐकतो आणि पुन्हा उठून उत्तर देतो. आवाज चढत नाही. पण गुळमुळीतही काही नव्हतं. माणसं एकमेकांना अगदी घट्ट धरून होती.

त्या दिवशी वाद चालू होता तो न्यायाधीशाच्या कलमाचा. मूळ विधेयकात दोन डॉक्टरांनंतर प्रत्येक अर्ज उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशापुढे जाणार होता. जगातला सगळ्यांत कडक कायदा, असं या कलमाच्या जोरावर सांगितलं गेलं होतं. आता लेडबीटरबाईच ते कलम काढायला निघाल्या होत्या आणि त्याजागी वकील किंवा न्यायाधीश, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक अशा तिघांचं मंडळ आणणार होत्या. न्यायालयांना एवढा वेळ आहे कुठे, आणि एकट्या न्यायाधीशाला मन ओळखण्याचं शिक्षण कुठे असतं, ही एक बाजू. दुसरी बाजू तितकीच टोकदार. मंडळ म्हणजे न्यायालय नव्हे. आणि कितीतरी खासदारांनी न्यायाधीश आहे म्हणूनच नोव्हेंबरमध्ये हो म्हटलं होतं, त्यांना आता काय सांगायचं?

मी आतून हलले ती इथे. कारण नेमका हाच प्रश्न आपल्याकडेही आला होता आणि तो सोडवायला आपल्याला पाच वर्षं लागली.

आपल्याकडे या विषयावर संसदेने केलेला कायदा नाही. जे आहे ते सर्वोच्च न्यायालयाने दिलेलं. केईएममधल्या सिस्टर अरुणा शानबागमुळे. 27 नोव्हेंबर 1973 ला रुग्णालयातच तिच्यावर हल्ला झाला, आणि 18 मे 2015 ला ती गेली तोपर्यंतची सगळी वर्षं केईएमच्या सिस्टरांनी तिचं सगळं केलं. 2011 मध्ये तिला सोडवण्याची याचिका न्यायालयाने नाकारली, पण त्याच निकालात कृत्रिम आधार काढून घेण्याचा मार्ग ठरावीक अटींवर उघडला. त्या दिवशी आमच्या ड्यूटीरूममध्येही दोन तट पडले होते. तिची शुश्रूषा करणाऱ्यांचा अभिमान वाटणाऱ्या आम्ही, आणि तिने आणखी किती सोसायचं म्हणून रडणाऱ्याही आम्हीच. पुढे 2018 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मानला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायला, परवानगी दिली. पण त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी होती, आणि आधार काढायच्या वेळी त्यांनी रुग्णालयात येऊन खात्री करायची होती. कुठल्या वॉर्डात कुठले न्यायदंडाधिकारी येणार होते? कागदावर हक्क होता आणि हातात काही नव्हतं. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयानेच ती अट काढली आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालेल असं ठरवलं.

दरम्यान वॉर्डात काय होत होतं? डामा होत होता. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो, असा कागद. ज्याच्यात काही उरलं नाही हे डॉक्टरांना कळतं, घरच्यांना कळतं, सिस्टरला तर सगळ्यांत आधी कळतं, त्याचं व्हेंटिलेटर काढायला कुणी धजत नाही. मग थोरला मुलगा सही करतो आणि नळ्या लावलेल्या बापाला अ‍ॅम्ब्युलन्समधून घरी नेतो, हाताने श्वास देणारी अ‍ॅम्बू बॅग दाबत दाबत. सही करताना त्याचा हात थरथरतो. आयुष्यभर त्याला वाटत राहतं, की बापाला मी मारलं. तो कागद मी किती जणांपुढे सरकवला आहे. संसदेतल्या कुणी तो कधी हातात तरी घेतला असेल का?

आणि इथे, माझ्यापासून जेमतेम आठ-दहा हातांवर, लोकांनी निवडून दिलेली माणसं ओळीओळीने ठरवत होती की सही कुणाची, कधी, कुणाच्या समोर. नुसतं कळवळ्याचं भाषण करून कुणी सुटत नव्हतं. त्याला शब्द लिहून द्यावे लागत होते, आणि समोरचा विचारत होता, की मग मुलाच्या दबावाखाली आलेली म्हातारी आई या शब्दांत कुठे पकडली जाणार? तिला कोण विचारणार, एकांतात विचारणार का? हा प्रश्न मी कॉटशेजारी उभी राहून मनात हजारदा विचारलाय. कायदा करणाऱ्याच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीने पाण्याची बाटली पुढे केली, खोकला आला असेल असं वाटून.

आणखी एक रीत तिथे पाहिली. सदस्य दुरुस्ती मांडतो, तळमळीने बोलतो, मंत्री किंवा विधेयक मांडणारी सदस्य उत्तर देते, आणि तो म्हणतो, मी दुरुस्ती मागे घेतो. पहिल्यांदा मला याचा रागच आला. एवढं बोललास ते काय मागे घ्यायला? लेकीने हळूच सांगितलं, की पुष्कळ दुरुस्त्या उत्तर काढून घेण्यासाठीच असतात. ते उत्तर शब्दन् शब्द नोंदलं जातं आणि पुढच्या टप्प्यावर त्याचा जाब विचारता येतो. मात्र जिथे माघार घ्यायची नसते, तिथे लगेच मतदान होतं. लिपिक एकेकाचं नाव मोठ्याने वाचतो आणि ज्याचं त्याने हो किंवा नाही म्हणायचं. गलका नाही, हात वर करून मोजणी नाही. आपल्या नावापुढे आपलंच उत्तर. एका बाईंनी ‘नो’ म्हणण्याआधी क्षणभर खाली कागदाकडे पाहिलं, ते मला अजून दिसतं.

न्यायाधीशाचं कलम समितीने मार्चमध्ये काढून टाकलं. त्याजागी येणारं मंडळ लगेच आलं नाही. नवी कलमं शेवटी घ्यायची अशी तिथली पद्धत, त्यामुळे मधले दिवस ती जागा रिकामीच होती. मला स्वतःला हा बदल पटलेला नाही. मी विधेयकाच्या पूर्ण बाजूने आहे असंही नाही. वेदना शमवणारी शुश्रूषा आधी घरोघर पोहोचवा, मग मरणाच्या मदतीचं बोला, असं माझं मत आहे आणि त्या खोलीतही ते मांडणारे होते. पण माझ्या मनाविरुद्ध निर्णय झाला, तरी तो कुणी, काय म्हणून घेतला हे मला कळलं. परदेशी पाहुणीला.

आपल्याकडे संसदीय समित्यांच्या बैठका नियमानेच बंद दाराआड होतात. अहवाल छापून येतो, पण कुठल्या ओळीवर कोण अडलं, कुणाला उत्तर देता आलं नाही, हे बघायची सोय नाही. त्यातून समितीकडे जाणारी विधेयकंच कमी झाली. पंधराव्या लोकसभेत शंभरातली एकाहत्तर समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत सोळा. याचा मला संताप येतो. 2016 मध्ये आपल्या आरोग्य खात्यानेही मरणासन्न रुग्णांच्या उपचारांबद्दल एक मसुदा लोकांपुढे ठेवला होता. तो संसदेच्या पायरीपर्यंतही गेला नाही. आणि आपल्याला ही विद्या नवी आहे असंही नाही. 1933 मध्ये भारताच्या नव्या राज्यघटनेसाठी ब्रिटिश संसदेची संयुक्त समिती बसली, तेव्हा भारतीय प्रतिनिधी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यात होते आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेत होते.

बाहेर पडलो तेव्हा अंधारायला आलं होतं. संसद चौकातल्या गांधीजींच्या पुतळ्यापाशी पर्यटकांची झुंबड होती, मी थांबले नाही. पुढचे दिवस ऑक्सफर्ड, बाथ आणि नातवाचा खोकला यांत गेले.

परत आल्यावर मी संसदेचं थेट प्रक्षेपण इथून पाहायला लागले. मे आणि जूनमध्ये विधेयक पुन्हा पूर्ण सभागृहापुढे आलं. अन्नपाणी स्वतःहून सोडल्यामुळे खालावलेल्या माणसाला केवळ तेवढ्यावरून मरणासन्न ठरवता येणार नाही, ही खासदार नाझ शाह यांची दुरुस्ती मतदान न घेताच मान्य झाली. त्या विधेयकाच्या कडव्या विरोधक, तरी त्यांचे शब्द त्यात गेले. 20 जूनला 314 विरुद्ध 291 मतांनी विधेयक कॉमन्समधून, म्हणजे खालच्या सभागृहातून, निघालं. पंचावन्नचं मताधिक्य तेवीसवर आलं होतं. सगळ्यांचं समाधान झालं नव्हतं, आणि ते आकड्यात दिसलं.

पुढे ते लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, अडलं. तिथे दुरुस्त्यांची निवड करणारा कुणी नाही, वेळेचं बंधन नाही. दुरुस्त्या हजाराच्या वर गेल्या. अधिवेशन संपेपर्यंत दोन्ही सभागृहांचा मेळ बसला नाही, तर विधेयक बारगळणार होतं. काही जण मुद्दाम वेळ खातात असा आरोप होता, आणि काही भाषणं ऐकताना तो मलाही खरा वाटला. बैठका शुक्रवारी असत, हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असत. लेक म्हणायची, “आई, तुझी मालिका लागली.”

माझं लिव्हिंग विल मी नोटरीकडून करून घेतलं. मुंबई महापालिकेने ते जपून ठेवायला प्रभागांत आरोग्य अधिकारी नेमलेत, त्यांच्याकडे एक प्रत दिली. प्रत घेणाऱ्या मुलीला हा कागद कशाचा ते मलाच समजावून सांगावं लागलं. तिने तो नीट वाचला, दोन प्रश्न विचारले, दोन्ही चांगले होते. धाकट्या भावालाही मी एक प्रत दिली आहे. त्याच्यावर सही करायची वेळ येऊ नये म्हणून.