सागवानी स्नेअर ड्रम आणि अडलेले नऊ अंश

घरच्या घरी लाकडी स्नेअर ड्रम, म्हणजे खालच्या पडद्याला तारा टेकलेला ड्रम, बनवू इच्छिणाऱ्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगेन की, पट्ट्यांच्या कडांचा कोन दुसऱ्या कोणाच्याही यंत्रावर सोपवू नका. लाकूड बाहेरून चिरून घ्या, जाडी काढून घ्या, हवे तर पॉलिशही करून घ्या. कोन मात्र स्वतःच्या रंध्याने लावा. माझा ड्रम गणपतीपूर्वी तयार व्हायचा होता, तो दिवाळी उलटल्यावर झाला आणि त्याला हे एकच कारण आहे.

बाजारातील बहुतेक लाकडी ड्रमचे शेल, म्हणजे मधले पोकळ नळकांडे, प्लायचे असते. पातळ थर गोल साच्यात दाबून ते बनवतात आणि ती सोय घरी करणे अवघड असते. त्याऐवजी उभ्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून, पिंपाच्या पद्धतीने, शेल उभे करता येते. त्यात लाकूड वाकवावे लागत नाही, सगळी मदार कोनावर असते. मी १४ इंच व्यासाच्या आणि साडेसहा इंच खोलीच्या ड्रमसाठी २० पट्ट्या धरल्या. वर्तुळाचे ३६० अंश २० पट्ट्यांत वाटले की प्रत्येकीला १८ येतात, म्हणजे प्रत्येक कडेला ९ अंशांचा उतार. घासायला वाव राहावा म्हणून बाहेरचा व्यास ३६० मिलिमीटर धरला, तेव्हा पट्टीची बाहेरची रुंदी ५७ मिलिमीटर आली. जाडी २० मिलिमीटर ठेवली.

लाकूड पेठेतल्या पाडलेल्या वाड्याच्या तुळईचे, जुने सागवान होते. इतकी वर्षे वाळलेले लाकूड नव्या लाकडापेक्षा कमी हलते, म्हणजे कमी फुगते-आकसते, आणि पुण्यातला पावसाळा व त्यानंतरचा कोरडा हिवाळा पाहता हे फार महत्त्वाचे आहे. अशा लाकडात खिळे दडलेले असतात. जुन्या स्पीकरचे लोहचुंबक त्यावरून फिरवले की ते सापडतात. हे घरीच उरकून घ्यावे, कारण खिळ्याच्या भीतीने कटरवाले जुन्या लाकडाला हात लावायला तयार नसतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

खिळे काढून मी ते लाकूड शहरातील एका फर्निचरच्या कारखान्यात दिले. कागदावर पट्टीचा छेद काढला, त्यावर ९ अंश ठळक लिहिले आणि पहिल्या दोन पट्ट्या कापल्यावर मला बोलवावे, अशी विनंती केली. पुढच्या आठवड्यात या, असे सांगण्यात आले. त्यानंतर कधी कारागीर गावी गेलेला असे, कधी पाते धार लावायला दिलेले असे, तर कधी मोठ्या ऑर्डरचे मॉड्युलर किचन मध्ये आलेले असे. लहान काम मागे पडणार हे मला समजते. पण नाही म्हणायचे असेल, तर पहिल्याच दिवशी नाही म्हणावे. लाकूड अडकवून ठेवून दर वेळी ‘उद्या नक्की’ म्हणू नये. अखेरीस बोलावणे आले तेव्हा सगळ्या पट्ट्या कापून, सुतळीने बांधून दाराशी ठेवलेल्या होत्या.

मी त्या तिथेच जमिनीवर गोलाकार उभ्या केल्या. विसावी पट्टी लावल्यावरही एकविसावी आरामात बसेल, एवढी मोकळी जागा उरली. यंत्रावरच्या तबकडीवर ९ दिसत होते. प्रत्यक्षात कोन साडेआठच्या आसपास होता. कारखान्याचे मालक म्हणाले, “अर्ध्या डिग्रीने काय होतंय, साहेब? फेविकॉलमध्ये भुसा कालवून भरा, दिसणारसुद्धा नाही.” या वाक्याचा राग मला अजूनही येतो. २० पट्ट्यांच्या ४० कडा असतात आणि प्रत्येक कडेला अर्धा अंश कमी पडला की एकूण २० अंशांची तूट येते. एक दशांश अंशाची चूक राहिली तरी शेवटी ४ अंश, म्हणजे परिघावर सुमारे १२ मिलिमीटरची फट उरते. गोंद घट्ट भिडलेल्या लाकडाला धरतो. भुशाच्या लगद्याने भरलेला जोड हेडच्या, म्हणजे ड्रमवर ताणलेल्या पडद्याच्या, ताणाखाली टिकेल, असे मानण्याला काहीही आधार नाही.

घरी येऊन मोजमाप केल्यावर लक्षात आले की २० मिलिमीटर जाडीवर साडेआठ आणि नऊ अंशांमधला फरक ०.१८ मिलिमीटर, म्हणजे रंध्याचे मोजके हात एवढाच आहे. मग १०० मिलिमीटर पाया आणि १५.८ मिलिमीटर उंची असलेली लाकडी पाचर बनवली, तिच्यावर पट्टी ठेवली आणि रंधा कुशीवर आडवा करून कडा मारल्या. कुरळी, कागदासारखी पातळ साल सलग निघू लागली की कड सरळ झाली, असे समजावे. सागवानातल्या वाळूच्या अंशाने पाते लवकर बोथट होते, म्हणून धार वारंवार लावावी. दहा पट्ट्या काचेवर उभ्या करून अर्धवर्तुळ जुळवायचे आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकच पोलादी पट्टी टेकते का, ते पाहायचे. मी आधी अशी दोन अर्धवर्तुळे चिकटवली आणि उरलेला सूक्ष्म फरक त्यांच्या चार टोकांच्या कडांवरच घासून काढला. सगळे वर्तुळ एकदम चिकटवण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. ज्या कामासाठी मी कारखान्याचे उंबरठे झिजवले, ते गॅलरीतल्या टेबलावर झाले, याचा मला अभिमान वाटतो.

सागवान तेलकट असते, त्यामुळे गोंद लावण्याच्या अगदी आधी कडा अ‍ॅसिटोनने पुसाव्यात. आवळायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या उत्तम.

पुढचे काम सुरळीत झाले. राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने, शेल बाहेरून ३५२ मिलिमीटरवर आणले. १४ इंच म्हणजे ३५५.६, तेव्हा हेड सैल बसायला एवढी जागा लागतेच. लगच्या, म्हणजे हेड आवळणारे स्क्रू ज्यांत बसतात त्या धातूच्या तुकड्यांच्या, भोकांसाठी कागदाची पट्टी शेलभोवती गुंडाळून तिचे दहा समान भाग केले, प्रत्येकी ११०.६ मिलिमीटर. काठांना ४५ अंशांचा उतार दिला आणि ग्रॅनाइटच्या सपाट तुकड्यावर शेल ठेवून आत दिवा लावला. अंधारात काठाखालून उजेड झिरपला, की तिथे काठ खाली आहे असे समजून बाकीचा काठ अजून घासायचा. खालच्या काठावर, तारा जिथून बाहेर पडतात त्या समोरासमोरच्या दोन जागी, साधारण दीड मिलिमीटरचा उथळ उतार घ्यावाच लागतो. तो नसेल तर तारा हेडला नीट टेकत नाहीत.

हेड घेताना खालच्या बाजूचे वेगळे मागून घ्यावे. ते वरच्यापेक्षा पुष्कळ पातळ असते, आणि तिथे जाड हेड लावले तर तारा हलक्या ठोक्याला बोलत नाहीत. माझा ड्रम आता अगदी हलक्या ठोक्यालाही स्वच्छ बोलतो. पुढचा शिसवाचा करणार आहे आणि त्याच्या पट्ट्या सरळ, चौकोनी कडांच्याच कापून आणणार आहे.