फ्यूज हातात, तरी मीटर चालूच

त्या घरची तक्रार ऑफिसात यायच्या आधी तिचा व्हिडिओ आला. मोबाईल हलतोय, मागं कोणीतरी "आता पाय, आता पाय" म्हणतंय. एका हातात चिनीमातीचा फ्यूज धरलाय, घरातला पंखा थांबलाय, बल्ब विझलाय, आणि ओसरीच्या भिंतीवरच्या नव्या स्मार्ट मीटरचा लाल दिवा दर दोन-तीन सेकंदांनी लुकलुकतोय. "लाईट बंद, फ्यूज हातात, तरी मीटर पयतेच! आता सांगा भाऊ, चोर कोन?" एवढं बोलून व्हिडिओ संपतो. आमच्या सेक्शनमधल्या सगळ्या गावांत तो फिरला. दुसऱ्या दिवसापासून जुन्या मीटरला हात लावायला कोणी आम्हाला अंगणात शिरू देईना.

मी वीज कंपनीत तंत्रज्ञ आहे. आयटीआय करून लागले. यवतमाळ जिल्ह्यातली कापूस-तुरीची गावं माझ्याकडे. लोक 'लाईनवाली मॅडम' म्हणतात, म्हाताऱ्या बाया 'माय' म्हणतात.

तक्रार पाठोपाठ आलीच. व्हिडिओवाला त्या घरचा पुतण्या, शिकलेला, नियम वाचून आलेला. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, रीडिंग पटत नाही अशी तक्रार आली तर कंपनीनं पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्ही ताडून पाहायचे. त्यानं अर्जात हेच लिहिलं होतं. महिन्याला ७०-८० युनिट जाळणाऱ्या घराला ३८० युनिटचं बिल गेलं होतं. १०० च्या वर गेलं की युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे आकडा बघून कोणाच्याही पोटात गोळा यावा असाच होता.

पण ऑफिसात त्याच मीटरची वेगळीच कुंडली निघाली. बसवल्या दिवसापासून त्याच्या नोंदींत 'अर्थ'चा इव्हेंट चालू होता. म्हणजे एका तारेतून जितका करंट घरात जातो तितका दुसरीतून परत येत नाही, उरलेला जमिनीत जातो. आमच्याकडे याचा पहिला अर्थ चोरी. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, सोडून जमिनीत सळई ठोकायची आणि तीवर काम चालवायचं, ही जुनी युक्ती आहे. एकाच तारेतला करंट मोजणाऱ्या जुन्या मीटरला ती कळेलच असं नसे. नवा मीटर दोन्ही तारांचा करंट मोजतो आणि जो जास्त असेल तो धरतो. साहेब म्हणाले, "पडताळणी मीटर लावा, अन् पंचनाम्याचे फॉर्मही सोबत ठेवा. कलम १३५ ची, वीजचोरीची केस दिसते." एका पिशवीत माझ्याकडे दोन्ही होतं: ग्राहक खरा ठरला तर मीटर, कंपनी खरी ठरली तर पंचनामा.

निघण्याआधी मी त्या मीटरची अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद काढून पाहिली. स्मार्ट मीटरची ही सोय मला मनापासून आवडते, आणि हीच लोकांना कोणी दाखवत नाही. रात्री २ ते ४, सगळं गाव झोपलेलं, तरी दर अर्ध्या तासाला ०.२ युनिट. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. फ्रिज असता तर वर-खाली झालं असतं, कूलर पहाटे बंद झाला असता. चोरी करणारा माणूससुद्धा झोपताना शेगडी बंद करतो. ही रेघ मात्र हलतच नव्हती.

मे महिना. पारा ४५ च्या आसपास. घरापुढं आधीच पन्नासेक माणूस उभा, पुतण्या मोबाईल काढून तयार. भाऊ, म्हणजे घरमालक, खाटेवर तोंड फिरवून बसलेले. म्हातारी म्हणाली, "ये माय, पानी पे आधी, मंग भांडू."

मीटर पश्चिमेच्या भिंतीवर. बसवणाऱ्यांनी खांबावरून तार जिथं पहिल्यांदा भिंतीला टेकली तिथंच ठोकलेला. दुपारचं ऊन थेट डिस्प्लेवर पडून तो काळाठिक्कर झाला होता. पिशवी आडवी धरून सावली केली तेव्हा आकडे दिसले. मीटरच्या खाली, पुरता टेकून, कुटाराचा ढीग. पावसाळ्याआधीचं जनावरांचं वैरण. वर टर्मिनलला ॲल्युमिनियमची तार, स्क्रू अर्धा ढिला, प्लास्टिकचं झाकण एका कडेनं तपकिरी झालेलं. ॲल्युमिनियम तापून-निवून दबतं, स्क्रू आपोआप सैल होतो, मग ठिणगी पडते. त्या ठिणगीखाली कुटार. ते मी पोरांकडून आधी उचलून घेतलं, भांडणाला नंतर सुरुवात करू म्हटलं. जुना मीटर आत मधघरात होता, तिथं तर खाली कापूस भरलेला असायचा. भाव येईपर्यंत घरात कापूस ठेवायचा आणि त्याच्या डोक्यावर मीटर अन् फ्यूज, असं चित्र आमच्या भागात घरोघरी आहे. आग लागत नाही तोवर ते कोणाला दिसत नाही. मीटर बाहेर काढणं याच एका कारणानं मला पटतं. रीडिंगवाल्याची सोय हे कारण दुय्यम.

मग फ्यूज काढला. पंखा थांबला. दिवा लुकलुकतोय.

"पायलं ना?" गर्दीतून चारदा आलं.

फ्यूजच्या येणाऱ्या टोकाला टेस्टर लावला. लागायला पाहिजे तो लागला नाही. शेजारच्या काळ्या तारेला, जी थेट घरात जाते आणि जिला मध्ये कुठंच फ्यूज नाही, तिला लावला. टेस्टर लख्ख पेटला.

फेज, म्हणजे जिवंत तार, आणि न्यूट्रल उलटं होतं. खांबावरच. वादळानंतर तारा ओढताना सर्व्हिसची, म्हणजे खांबावरून घरात येणाऱ्या तारेची, दोन टोकं अदलाबदल झाली की खालच्या घरात सगळं उलटतं आणि काही बिघडलेलं दिसत नाही. बल्ब लागतो, पंखा फिरतो. फक्त फ्यूज आणि बटणं न्यूट्रलवर जातात. बटण बंद केलं की दिवा विझतो, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच उभे असतात. दिवा विझला म्हणजे करंट गेला असं धरून माणूस होल्डरमध्ये बोट घालतो. मीटर बदलणाऱ्या एजन्सीच्या पोरांनी टेस्टर लावला असता तर त्याच दिवशी कळलं असतं. पण त्यांना मीटरमागं पैसे मिळतात, टेस्टरमागं नाही.

टोंग टेस्टर, म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजायचा चिमटा, काढला. न्यूट्रलला शून्य. काळ्या तारेला १.८ अँपिअर. घरात एक वस्तू चालू नाही आणि १.८ अँपिअर कुठंतरी जमिनीत चाललेत. मी तिथंच तोंडी हिशोब केला: २३० गुणिले १.८ म्हणजे ४१४ वॅट, अर्ध्या तासाचे ०.२ युनिट. रात्रीची ती न हलणारी रेघ हीच. दिवसाचे जवळपास १०, महिन्याचे ३००. बिलात वाढलेले युनिट तेवढेच.

आता शोधायचं कुठं? पुतण्या म्हणाला कूलर पाहा. विदर्भात उन्हाळ्यात हा संशय पहिला येतोच. पत्र्याचा कूलर, ओली जमीन, अनवाणी पोरं, दरवर्षीच्या बातम्या. पण कूलरची पिन काढूनच ठेवलेली होती. गोठ्याचे टिन पाहिले, काही नाही. तेवढ्यात काकू, इतका वेळ दारातून सगळं ऐकत होत्या, हळूच म्हणाल्या, "मॅडम, एक सांगू का? आमची म्हैस बोअरच्या टाक्यावर पानीच पेत नाही वं. तोंड लावते अन् मांगं सरकते. मांगच्या पावसाळ्यापासून. मी बकेटीनं नेऊन पाजतो तिले."

"नजर लागली म्हनून आम्ही लिंबू बांधलं," म्हातारी म्हणाली.

"तुम्हाला काही लागतं का तिथं?"

"पाय ओले असले का झिनझिन करते जरासं. मले वाटलं वाताचं असंन."

बोअर अंगणाच्या कोपऱ्यात. लोखंडी केसिंग, म्हणजे बोअरचा पाईप, जमिनीच्या फूटभर वर आलेलं, त्याच्या तोंडातून केबल आत उतरलेली, नळाला लागून सिमेंटचं टाकं, भोवती कायम चिखल. लहान पोरं तिथंच खेळत होती, त्यांना आधी हाकललं. मल्टिमीटरची एक पिन केसिंगला, दुसरी दोन पावलांवर ओल्या मातीत खुपसलेल्या पेचकसाला. तीस व्होल्टच्या वर. चप्पल घातलेल्या माणसाला यातलं काही कळत नाही. म्हशीचे चार ओले खूर लांब लांब टेकलेले, वर तोंड पाण्यात. तिला सगळं कळत होतं. वर्षभर तीच एक तक्रार करत होती आणि तिचं कोणी लिहून घेतलं नाही.

सोबतच्या पोराला शिडी लावून खांबावरची सर्व्हिस काढायला लावली. लाईन मेली ह्याची खात्री करून स्टार्टरमधून बोअरची केबल सोडवली, मग सर्व्हिस परत जोडली. मीटरचा दिवा लुकलुकायचा थांबला. इतक्या माणसांत कोणी काही बोलेना. पुतण्या मोबाईल खिशात घालत होता, मी म्हटलं, "दादा, हेही काढा ना." त्यानं काढला, हे त्याचं मोठेपण.

केसिंगच्या तोंडाशी केबलला जोड होता, काळ्या टेपचा. मोटर उतरवताना मारलेला. टेप सुटून लोंबत होती आणि आतलं तांबं हिरवं पडून ओल्या लोखंडाला चिकटलेलं. तार सरळ असती तर मोटर बंद केल्यावर तिथला करंटही बंद झाला असता. उलट असल्यामुळे स्टार्टरचं बटण न्यूट्रल तोडायचं आणि फेज रात्रंदिवस त्या जोडापर्यंत जिवंत राहायची. जुना चकतीचा मीटर एकाच तारेतला करंट मोजायचा, आणि ती तार निघाली न्यूट्रल. त्यामुळे जमिनीत जाणारा करंट त्याच्या हिशोबात कधी आलाच नाही. घरातले म्हणत होते तेही खरंच: जुन्या मीटरवर बिल कमीच यायचं.

पुतण्यानं विचारलं, मग ईएलसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की लाईन तोडणारं यंत्र, असतं तर? असतं तर पहिल्याच दिवशी पडलं असतं. घरातलं साधं ३० मिलिअँपिअरचं असतं. इथं त्याच्या साठपट वाहत होतं. दोनेक हजारांत बसतं. लोक घराला टाइल्स लावतात, हे लावत नाहीत, आणि लावलं तर वारंवार पडतं म्हणून वायरमनला सांगून काढून टाकतात. ते का पडतं, हे विचारत नाहीत.

खांबावर चढून सर्व्हिसची टोकं मी सरळ केली. मीटर टर्मिनल साफ करून आवळलं. डिस्प्लेवर उन्हासाठी टिनाची एक पट्टी मारून दिली, नियमात असो नसो. बोअरच्या केबलला हात लावला नाही. मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची, असा आमचा नियम. कागदावर ती हद्द स्पष्ट आहे. करंट मात्र खांबापासून टाक्यापर्यंत एकच होता, अर्धी चूक हद्दीच्या अलीकडची, अर्धी पलीकडची. दोन्ही मिळून माणूस मेला असता आणि मग चौकशीत दोन्ही बाजूंनी हद्द दाखवली असती. नवीन मीटर लावताना त्याच्या मागं-पुढं दहा मिनिटं तपासायची, एवढं जरी कामात धरलं तरी गावांतला निम्मा विरोध ओसरेल असं माझं मत आहे. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर सवलत आहे, मोबाईलवर वापर दिसतो, हे सगळं सांगायला आम्हाला पत्रकं दिलीत. ज्याच्या मनात मीटर चोर आहे त्याला सवलत कशाला सांगता?

पडताळणी मीटर लावलाच, नियम आहे म्हणून. दोन्ही आकडे सोबत चालले. पंचनाम्याचे फॉर्म कोरे परत नेले, साहेबांना टोंग टेस्टरचा फोटो दाखवला, केस तिथंच मिटली. त्याच खांबावरची बाकीची घरं तपासली तर आणखी दोन उलटी निघाली. त्यांच्याकडे गळती नव्हती, म्हणून बिल वाढलं नव्हतं, म्हणून तक्रार नव्हती.

राहिलं बिल. भाऊ दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले. आवाज चढवला नाही, खुर्चीच्या कडेवर बसून विचारलं, "जोड माह्या, मान्य. पन खांब तुमचा, उलटी तार तुमची. मंग पैसे सारे माह्यावरच कसे?" साहेबांनी हप्ते पाडून दिले. वीज खरंच गेली होती, मीटर बरोबर होता, म्हणून युनिट माफ करता येईनात. मी अहवालात दोन्ही कारणं लिहिली, खांबावरचं आधी. भाऊंनी त्याची नक्कल मागून घेतली आणि ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जातो म्हणाले. मी त्यांना जा म्हटलं.

पुतण्याचा दुसरा व्हिडिओही फिरला, पहिल्याइतका नाही. पण त्याचा एक परिणाम झाला: आठवडाभरानं पलीकडच्या गावातून फोन आला. "मॅडम, आमचा बैल टाक्यावर पानी पेत नाही, लवकर या." गेले. तारा सरळ, गळती शून्य, मीटर ठीक. बैलाचं अंग तापलेलं होतं. त्यांना जनावरांच्या डॉक्टरचा नंबर दिला आणि आलेच आहे तर म्हणून त्यांचा टर्मिनलचा स्क्रू आवळून घेतला, तो ढिलाच होता.