बाईंनी राखलेलं नाव

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं मुख्याध्यापकांचं पत्र आलं आणि पाकिटावरचं नाव पाहूनच मला भरून आलं. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून जसंच्या तसं उतरवून घेतलेलं माझं माहेरचं पूर्ण नाव त्यावर होतं. पत्रात विषय सुचवले होते: शाळेची जडणघडण, क्रीडांगण, स्नेहसंमेलनं, स्पर्धांतलं यश. त्यावर लिहिणारी मंडळी पुष्कळ आहेत आणि ती माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला बाईंवर लिहायचं आहे. कोणत्या बाई हे आमच्या तुकडीला सांगायला नको. मराठीच्या बाई म्हटलं की त्याच. आज यमुना या नावानं मी हा लेख लिहिते आहे तो त्यांच्यामुळे.

माझ्या बरोबरीच्या मुलींची नावं सुनीता, संध्या, अंजली अशी. त्यांच्यात मी एकटी यमुना. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी आजी गेली, तिचं नाव वडिलांनी मला ठेवलं. घरात त्याचं कौतुक होतं, पण शाळेत ते नाव म्हणजे रोजची परीक्षा. एकदा ऑफ तासाला आलेल्या एका सरांनी हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबून ‘यमाची बहीण आली आहे का?’ असं विचारलं आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मधल्या सुट्टीत मुलं ‘यमे, रेडा कुठं बांधलास?’ म्हणून ओरडायची. मी हजेरीला ‘हजर’ म्हणायचं सोडून नुसता हात वर करायला लागले.

बाई आमच्या वर्गशिक्षिका. हात वर केलेला त्यांना चालायचा नाही. दोन-तीनदा त्यांनी पाहिलं, मग मुलींकडून कारण काढून घेतलं. मुलांना त्या रागावल्या नाहीत. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास होता. भाऊबिजेला कोण कोण बहिणीकडे जेवायला जाणार आहे, असं त्यांनी विचारलं. झाडून सगळ्या मुलांचे हात वर. मग त्यांनी त्या दिवसाला यमद्वितीया का म्हणतात ते सांगितलं: यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला गेला, तिनं त्याला ओवाळलं, म्हणून आजही भाऊ बहिणीच्या दारी जातो. ‘तुमची ओवाळणी जिच्यामुळे सुरू झाली तिला हसता होय रे? आणि यमाची बहीण म्हणता, तर सूर्याची मुलगी का नाही म्हणत? तीही तीच आहे.’ एवढं बोलून त्यांनी खडू उचलला आणि फळ्याकडे वळल्या. रेड्याचा विषय त्या दिवशी संपला.

पण माझ्या मनातून नाव उतरलं ते उतरलंच होतं. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायची वेळ आली. एकदा का त्या फॉर्मवर नाव गेलं की ते प्रमाणपत्रावर जाणार आणि जन्माला चिकटणार, हे मला ठाऊक होतं. मी वडिलांच्या मागे लागून रजिस्टरमध्ये नाव बदलण्याचा अर्ज लिहून घेतला. नवं नाव स्मिता. अर्ज बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून टाचणवहीत ठेवला आणि म्हणाल्या, ‘अर्ज सोमवारी ऑफिसात देऊ. उद्या शाळा सुटल्यावर ग्रंथालयात ये. आणि घरी विचारून ये, आजीचं माहेरचं नाव काय होतं?’

घरी विचारलं तर वडिलांना माहीत नव्हतं. काकांना नाही. ज्या बाईनं त्या घरात जन्म काढला, तिचं मूळ नाव तिच्या मुलांना ठाऊक नव्हतं. शेवटी आत्यानं आठवून आठवून सांगितलं, द्वारका. यमुना हे तिला लग्नात तांदळाच्या ताटात लिहून मिळालेलं नाव.

शनिवारची सकाळची शाळा सुटली. ग्रंथालय म्हणजे तेव्हा शिक्षकांच्या खोलीला लागून असलेली ती अरुंद खोली, काचेची तीन कपाटं आणि डांबरगोळ्यांचा वास. बाईंनी कमरेचा जुडगा काढून मधलं कपाट उघडलं. खाकी कागदाचं कव्हर घातलेलं एक जाड पुस्तक काढलं. त्याची सुटलेली पानं कोणीतरी खळ लावून पुन्हा चिकटवली होती, आणि खळीच्या वासानं आलेल्या कसरीनं समासाला बारीक भोकं पाडली होती. ‘यातल्या मुलीचं नाव वाच,’ बाई म्हणाल्या. ते हरिभाऊ आपट्यांचं ‘पण लक्षात कोण घेतो?’ होतं. आणि ती मुलगी होती यमू.

पुस्तक देवघेवीच्या वहीत चढवताना बाईंनी हिरव्या शाईनं माझं नाव लिहिलं, यमुना. स्मिता लिहिलं नाही. सोमवारपर्यंत वाचून होणार नव्हतं आणि झालंही नाही, पण दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. 1890 साली हरिभाऊंनी ‘करमणूक’ सुरू केलं आणि त्यात ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. एका पुरुषानं एका बाईच्या तोंडून, तिचीच हकीकत तिनंच सांगावी तशी, लिहिली. माहेरचे लाड, मैत्रीण दुर्गी, लग्न, नवऱ्याबरोबर अक्षरं गिरवण्याचं सुख आणि मग वैधव्य, केशवपन. माझ्या आजीच्या आधीच्या पिढीतल्या घरांची ती गोष्ट, पण मला ती माझ्या नावाची गोष्ट वाटली. आईनं त्या रविवारी भाजी निवडायला हाक मारली तर मी ऐकलीच नाही, असं ती पुढे कितीतरी वर्षं सांगायची.

सोमवारी बाईंनी अर्ज बाहेर काढला नाही. मीही विचारलं नाही. त्याऐवजी त्यांनी तासाला पुस्तक मागवलं आणि रेड्यावरून चिडवणाऱ्यांतला जो म्होरक्या होता, त्याला उभं करून केशवपनाचा प्रसंग मोठ्यानं वाचायला लावला. सुरुवातीला तो नाटकी आवाजात वाचत होता. अर्ध्या पानानंतर आवाज खाली आला. पुढे तो नुसता अक्षरं लावत राहिला, आणि पान संपायच्या आत ‘बाई, पुढं दुसऱ्याला सांगा’ म्हणाला. बाई म्हणाल्या, ‘नाही, तूच संपव.’ त्यानं संपवलं. आज तो आमच्या बॅचचा आधारस्तंभ आहे, माजी विद्यार्थी संघाचं अर्धं काम तोच ओढतो, आणि मला यमुनाताई म्हणतो.

मग बाईंनी एकेक यमुना आणून माझ्यापुढे उभी केली. अभ्यासक्रमात त्यातलं काहीच नव्हतं. कधी तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत, कधी व्हरांड्यात चालता चालता. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मधली यमुना, 1857 सालची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा मान सांगतात तिच्या नावातच यमुना आहे, हे मला त्यांच्याकडून कळलं. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. त्याच्या दुसऱ्याच वर्षी आलेली ही यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणच्या विधवांची दैना पाहत जाते.

पुस्तकातल्या दोघींपेक्षा मला खऱ्या दोघींनी जास्त हलवलं. आनंदीबाई जोशी आम्हाला धड्यातून माहीत होत्या. पण त्या जन्मानं यमुना होत्या हे धड्यात नव्हतं. 1865 चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, गोपाळरावांनी नाव ठेवलं आनंदी. पहिलं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं. पुढे समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला जाऊन 1886 मध्ये डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या इस्पितळातलं पद वाट पाहत होतं, आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या. वयाची 22 वर्षंही पुरी झाली नव्हती. दुसऱ्या रमाबाई रानडे. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना. 1873 मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी माधवरावांशी लग्न झालं आणि रमा झाली. घरातल्या बायकांची बोलणी खात शिकली, आणि पुढे पुण्यात सेवासदन उभं करून हजारो बायकांना शिकवून गेली.

बाईंनी तेव्हा जे म्हटलं ते मला आजही पटतं. गोपाळराव काय, माधवराव काय, बायकोला शिकवण्यासाठी या माणसांनी घरादाराचा आणि गावाचा रोष ओढवून घेतला. त्यांचे उपकार मोठे आहेत. तरी लग्नात नाव बदललंच, त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. बाईंच्या आवाजात राग नसायचा. पण त्या म्हणायच्या, ‘तुला कोणी बदलायला सांगितलेलं नाही, तू कशाला आपण होऊन बदलतेस? त्या दोघींना विचारलं कोणी?’

माझं लग्न ठरलं तेव्हा सासरी नाव बदलायची पद्धत होती. ताटात तांदूळ पसरलेले, अंगठी तयार. मी आदल्या दिवशीच सासऱ्यांना सांगितलं होतं की माझं नाव यमुनाच राहू द्या. बाई लग्नाला आल्या होत्या. यजमानांनी तांदळात ‘यमुना’ लिहिलं तेव्हा त्यांनी लांबूनच मान हलवली.

पुढे मी नगरपालिकेत लागले आणि बरीच वर्षं जन्म-मृत्यू नोंदणी विभागात काढली. तिथं बसून नावांकडे जसं पाहता येतं तसं दुसरीकडे कुठं येत नसेल. मृत्यूच्या नोंदवहीत यमुना, गोदावरी, भागीरथी, द्वारका, सरस्वती रोज येत होत्या. जन्माच्या नोंदवहीत एकही नाही. एका वहीतून नावं जात होती आणि दुसऱ्या वहीत ती परत येत नव्हती. 1969 च्या कायद्याप्रमाणे बाळाची नोंद नावाशिवायही होते. वर्षभरात नाव फुकट भरता येतं, पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. त्यामुळे नावाचा रकाना रिकामा असलेल्या मुलींच्या नोंदी माझ्याकडे सतत असायच्या. मुलाचं नाव लगेच भरलं जायचं, मुलीचं शाळेत घालायच्या वेळी आठवायचं. मी स्वतः त्या पालकांना पत्रं पाठवून बोलावून घेतलं आणि रकाने भरून घेतले. त्याबद्दल पुढे माझा सत्कार झाला, त्या सत्काराला मी बाईंचंच नाव घेतलं. 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं, असा शासनाचा निर्णय झाला तेव्हा मी निवृत्त होते, पण तो वाचून आमच्या जुन्या टेबलाशी जाऊन बसावंसं वाटलं. बाई तेव्हा हव्या होत्या.

बाईंशी माझं बोलणं शेवटपर्यंत राहिलं. 2012 मध्ये वाईच्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री जाहीर झाली, त्या दिवशी सकाळीच बाईंचा फोन. ‘पेपर पाहिलास का? आपल्यातली आणखी एक!’ बैठकीची लावणी ज्यांनी आयुष्यभर जपली, त्या 1915 सालच्या यमुनाबाई. शाळेत असताना लावणीचं नाव काढलं असतं तर कमिटीनं भुवया उंचावल्या असत्या. बाईंना मात्र ती यमुनाही तितकीच आपली होती, डॉक्टर झालेलीइतकीच. फोनवर त्यांना धाप लागत होती तरी त्या बोलायच्या थांबेनात. यमुनाबाई 2018 मध्ये गेल्या. बाई त्याच्या आधी.

मध्यंतरी शाळेत येऊन गेले. नवी इमारत उत्तम झाली आहे, स्वच्छतागृहं चांगली झाली, याचा आनंद आहे. पण ग्रंथालयाच्या खोलीत संगणक बसले आणि काचेची कपाटं जिन्याखाली गेली, त्यांना कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे ते शिपाईमामांनाही सांगता येईना. हे पाहून वाईट वाटलं. संगणक हवेतच. पण त्या वयाच्या मुलीच्या हातात कोणीतरी नेमकं तिच्यासाठी काढलेलं पुस्तक ठेवायला हवं, ते काम यंत्राचं नाही.

म्हणून या लेखाबरोबर शाळेसाठी काही पुस्तकं पाठवत आहे: ‘यमुनापर्यटन’, ‘पण लक्षात कोण घेतो?’, रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ आणि काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं आनंदीबाईंचं चरित्र. प्रत्येकाच्या दोन प्रती आहेत, एक हरवली तरी चालेल. मुख्याध्यापकांना विनंती एवढीच की ती कुलपात न ठेवता आठवी-नववीच्या मुलींच्या हाताला लागतील अशी ठेवावीत, आणि देणगीदार म्हणून पहिल्या पानावर माझं नाव न घालता बाईंचं घालावं.