लेक सिटीचा राल्फ आणि त्याच्या ८ फुटी फळ्या

आम्ही रॉचेस्टरला (मिनेसोटातलं) राहायला आलो त्याला आता सहा वर्षं झाली आणि या सहा वर्षांत हायवे ६३ वरून लेक सिटीला किती वेळा गेलो असू त्याची गणतीच नाही, भारतातून कोणी पाहुणे आले की त्यांना मिसिसिपी दाखवायची आमची ठरलेली जागा आहे ती. तिथे नदी एवढी रुंद होते की तिला लेक पेपिन असं तळ्याचं नाव दिलंय. विस्कॉन्सिनच्या बाजूने येणारी चिपेवा नदी इतका गाळ आणून टाकते की मिसिसिपीचं पाणी मागे तुंबतं आणि हे तळं झालंय. वॉटरस्कीइंगचा, म्हणजे पायाला स्की नावाच्या लांब फळ्या बांधून बोटीच्या दोरीला धरून पाण्यावरून घसरत जायच्या खेळाचा, जन्म इथे झाला असं गाव अभिमानाने सांगतं. मी ते दर वेळी वाचायचे आणि पुढे जायचे.

यंदा लेकीने वॉटरस्की शिकायचं मनावर घेतलं. एका मित्राची बोट आहे, त्याने शिकवायला सुरुवात केली. पाण्यात बस, गुडघे छातीशी घे, हात सरळ, स्कीची टोकं पाण्याच्या वर ठेव, आणि मग काही करू नकोस, बोट उठवेल तुला. नवीन माणूस नेमकं उलटं करतो, दोरी स्वतःकडे ओढून उभं राहायला बघतो आणि तोंडावर पडतो. मीही पडले, लेकही पडली, पण चौथ्या वेळी ती उठली आणि दहाएक सेकंद उभी राहिली, मी काठावरून ओरडतच होते. घरी येताना तिने विचारलं, आई, टोकं वर ठेवायची हे पहिल्यांदा कुणाला कळलं? मला उत्तर माहीत नव्हतं म्हणून शोधायला बसले आणि मग रात्री दोन वाजेपर्यंत वाचतच राहिले.

हे कळलं राल्फ सॅम्युएलसनला, १९२२ साली, आम्ही पाहुण्यांना नेतो त्याच लेक पेपिनवर. अठरा वर्षांचा पोरगा होता. तेव्हा बोटीच्या मागे एक रुंद फळी बांधून तिच्यावर उभं राहायचा खेळ लोक खेळायचे, ॲक्वाप्लेन म्हणायचे त्याला. राल्फच्या डोक्यात आलं की बर्फावर दोन स्की घालून जाता येतं तर पाण्यावर का नाही? आधी लाकडी पिंपाच्या वाकड्या फळ्या पायाला बांधून बघितल्या, बुडाल्या. मग बर्फाच्या स्की, त्यापण बुडाल्या, कारण त्या अरुंद आणि पाण्याला तेवढ्याने माणूस पेलवत नाही. मग त्याने पाइनच्या दोन फळ्या आणल्या, प्रत्येकी ८ फूट लांब आणि ९ इंच रुंद, आणि त्यांची टोकं आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळत्या पाण्यात नरम करून वर वळवली आणि शिकंजे लावून ठेवून दिली. हे वाचताना मला आजोळचा न्हाणीघरातला तांब्याचा बंबच आठवला, त्यात कुणी लाकडं उकळायला घातली असती तर आजीने घर डोक्यावर घेतलं असतं, त्या माउलीने मुलाला करू दिलं याचं मला फार कौतुक वाटतं. पाय अडकवायला चामड्याचे पट्टे, ओढायला खिडक्यांसाठी वापरतात ती १०० फूट दोरी, आणि धरायला लोहाराकडून करून घेतलेलं लोखंडी कडं. सगळं घरातलं आणि गावातलं.

बोट चालवायला मोठा भाऊ बेन. बोटीला ट्रकचं इंजिन बसवलेलं, फार वेग नव्हता. २८ जूनपासून रोज प्रयत्न आणि रोज पाण्यात, काठावर गावातली माणसं बघत उभी. राल्फ सुरुवातीला स्की पाण्याला समांतर धरायचा, बोट निघाली की टोकं पाण्यात घुसायची आणि हा खाली. २ जुलैला त्याने मागे रेलून टोकं पाण्याच्या वर काढून धरली आणि बेनने बोट सोडली, आणि हा उठला. दुसऱ्या दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता. माझ्या लेकीला बोटीवरून जे वाक्य चार वेळा ओरडून सांगितलं ते या मुलाला कुणीच सांगितलेलं नव्हतं, त्याला ते पाच दिवस पाणी पिऊन कळलं.

एकदा उठलं आणि झालं असं नाही ना. ८ जुलै १९२५ ला त्याने पहिली उडी मारली. पाण्यातला पोहणाऱ्यांचा तराफा एका बाजूने खाली करून उतार तयार केला, पहिल्या वेळी स्की कोरड्या लाकडावर अडकली आणि तो आपटला, मग उतारावर डुकराची चरबी फासली आणि परत गेला आणि उडाला. (आज हा उडीचा प्रकार एवढा वाढलाय की २०१७ मध्ये कॅनडाच्या रायन डॉडने ७७.४ मीटर उडी मारली, पण पहिला उतार चरबीचा.) त्याच उन्हाळ्यात पहिल्या महायुद्धातल्या कर्टिस उडत्या बोटीच्या, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या मागे दोरी बांधून तो ताशी ८० मैलांच्या आसपास वेगाने गेला. आजच्या स्की नाहीत हं, त्याच जाडजूड पाइनच्या फळ्या.

आणि मला सगळ्यात जास्त भिडलं ते त्याचे शो. गावोगावी जाऊन करायचा, फ्लोरिडापर्यंत गेला, लोकांना दाखवायचा की हे होऊ शकतं. लेक सिटीतल्या खेळांचे पैसे त्याने घेतले नाहीत, ते गावाच्या कामाला गेले. पेटंटही काढलं नाही. १९२५ सालीच न्यूयॉर्ककडच्या फ्रेड वॉलरने वॉटरस्कीचं पेटंट काढलं, वॉलरही काही लहान माणूस नव्हता, पुढे सिनेरामा (मोठ्या वक्र पडद्यावर सिनेमा दाखवायची पद्धत) त्यानेच शोधला, पण त्यामुळे बरीच वर्षं लोकांना वाटत राहिलं की सुरुवात तिथून झाली. राल्फच्या काळात स्पर्धाच नव्हत्या, अमेरिकेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३९ ला जोन्स बीचवर झाली. म्हणजे ज्याने खेळ उभा केला त्याच्याकडे एक मेडल नाही. माझ्या मते चॅम्पियन तोच, कुणाला पटो न पटो.

पुढे बोटहाउसच्या (बोटी ठेवायच्या शेडच्या) बांधकामावर अपघात झाला, पाठ मोडली आणि त्याचं स्कीइंग संपलं. नंतर टर्की (कोंबडीसारखे मोठे पक्षी) पाळायचे (आता इथून पुढे मला त्यांना अरेतुरे करवत नाही). पुढे पाइन आयलंडला राहायचे, आम्ही मिनियापोलिसला जाताना हायवे ५२ वर लागतं ते गाव, तिथे आम्ही कितीदा पेट्रोल भरलंय. मधल्या काळात हा खेळ जगभर पोचला, वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाल्या, आणि हे शांतपणे टर्की सांभाळत होते.

त्यांच्या जुन्या स्की लेक सिटीच्या किनाऱ्यावर पोहायला येणाऱ्यांची कपडे बदलायची जागा आहे तिथे टांगलेल्या होत्या. काखेत कळसा म्हणतात तो असा. १९६३ मध्ये सेंट पॉलच्या पेपरच्या वार्ताहर मार्गारेट क्रिमिन्स तिथे आल्या, त्यांना त्या स्की दिसल्या आणि त्यांनी नुसतं बघून सोडून न देता विचारलं की या कुणाच्या. एवढ्या वर्षांत किती जणांनी त्या फळ्यांखाली टॉवेल वाळत घातले असतील! त्यांनी माग काढला, लिहिलं, आणि १९६६ ला अमेरिकन वॉटरस्की असोसिएशनने मान्य केलं की पहिले हेच. पहिल्या प्रयत्नानंतर ४४ वर्षांनी.

१९७२ ला बरोबर ५० वर्षं झाली, त्याच साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये वॉटरस्की प्रदर्शनीय खेळ म्हणून झाला. ते १९७७ च्या ऑगस्टमध्ये गेले, ७४ वर्षांचे होते. मान्यता जिवंतपणी मिळाली, अकरा वर्षं तरी ती त्यांच्या वाट्याला आली, हे वाचून मला खरंच बरं वाटलं, नाहीतर मी त्या रात्री झोपू शकले नसते.

गेल्या रविवारी लेकीला घेऊन मुद्दाम लेक सिटीला गेले, पाहुणे नव्हते, आम्ही दोघीच. तिला सगळं सांगितलं. तिला आईचं भांडं आणि चरबी फार आवडली. मग म्हणाली ८ फूट म्हणजे केवढं, दाखव. टेप नव्हती. ती वाळूत आडवी झाली, मी तिच्या डोक्यापाशी रेघ मारली, मग ती रेघेला पाय लावून परत आडवी झाली आणि डोक्यापाशी मी दुसरी रेघ मारली. एवढी. ती उठून त्या दोन रेघांमध्ये बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, आई, एवढी मोठी फळी पाण्यात वर कशी धरायची, माझी तर छोटीशी स्की पण वाकडी जाते.